टोळीला शिक्षा : मदिना ते महाल

नागपुरातील व्याख्यानांतून, वस्त्यांतील बैठकांतून आणि आता घराघरांतील मोबाइलवरून एक नाव गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा ऐकू येऊ लागले आहे. ते नाव म्हणजे बनू कुरैझा. इसवी सन ६२७ मध्ये मदिनेतील या यहुदी टोळीच्या पुरुषांना ठार करण्यात आले, आणि म्हणून मुसलमान समाज कोणत्याही शेजाऱ्याबरोबर कधीच नांदू शकणार नाही, असा हा युक्तिवाद आहे. दुसऱ्या बाजूला गाझातील संहाराने संतापलेल्या काही मंडळींना खैबरच्या विजयाची आठवण होते आणि यहुद्यांना त्या पराभवाची याद देणाऱ्या घोषणा जगातील अनेक शहरांत दिल्या जातात. एकाला कुरैझा हवे आहेत, दुसऱ्याला खैबर हवे आहे. सातव्या शतकातील एका मरूद्यानातील लढाया हा एकविसाव्या शतकातील माणसांसंबंधीचा अखेरचा निवाडा होय, यावर मात्र दोघांचेही पूर्ण एकमत आहे.

या एकमताला आव्हान देणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. परंतु ते आव्हान खोटेपणाने देता येणार नाही. कुरैझांचा विषय निघाला की घसा खाकरून बंधुभावावर बोलू लागणे, ही पुरोगाम्यांची जुनी सवय आहे. ऐकणाऱ्याच्या हातात मजकूर असतो आणि बोलणाऱ्याच्या हातात केवळ सद्भावना असते. अशा सामन्यात सद्भावना हरते, आणि ती हरण्याजोगीच असते. म्हणून प्रथम मदिनेत काय घडले ते सरळपणे मांडले पाहिजे.

खजुरीच्या बागा आणि बाजारपेठ

मदिनेचे पूर्वीचे नाव यस्रिब. मक्का हे व्यापाराचे शहर होते, यस्रिब हे शेतीचे. पाणी मर्यादित, लागवडीची जमीन त्याहून मर्यादित, आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक, अशी तेथील स्थिती होती. औस आणि खजरज या दोन अरब टोळ्या आणि कैनुका, नझीर व कुरैझा या तीन प्रमुख यहुदी टोळ्या तेथे राहत होत्या. नझीर आणि कुरैझा यांच्याकडे खजुरीच्या उत्तम बागा होत्या. कैनुकांकडे सोनारकाम आणि बाजारपेठ होती. औस आणि खजरज यांचे हाडवैर होते, आणि ६१७ च्या सुमारास बुआसच्या लढाईत यहुदी टोळ्याही दोन्ही बाजूंनी विभागल्या गेल्या होत्या. भांडणाची रेषा त्या वेळी धर्मावरून आखलेली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

६२२ मध्ये महंमद पैगंबर मक्केहून तेथे आले ते या वैराचा निवाडा करणारे लवाद म्हणून. त्यांच्याबरोबर आलेले मुहाजिर हे निर्वासित होते. त्यांना जमीन नव्हती, बाग नव्हती, व्यापार मागे राहिला होता. ते स्थानिक अन्सारांच्या आश्रयावर जगत होते. याच काळात जो करारनामा झाला त्यात यहुद्यांना मुसलमानांसमवेत एका समुदायात गणले होते. प्रत्येकाने आपापला धर्म पाळावा, शहरावर हल्ला झाल्यास एकत्र लढावे आणि वाद पैगंबरांपुढे आणावेत, असे त्याचे स्वरूप होते. उपलब्ध संहितेत यहुद्यांची नोंद अरब कुळांच्या आश्रितांच्या रूपाने येते. वरील तीन प्रमुख टोळ्यांची नावे तीत नाहीत. त्यामुळे त्या तिघी या कराराने कितपत बांधल्या गेल्या होत्या, याविषयी अभ्यासकांत वाद आहे.

हा करारनामा भारताच्या स्वातंत्र्यलढ्यातही अवतरला होता, हे आज फारसे कोणाला ठाऊक नसते. मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये संमिश्र राष्ट्रवादावरील आपल्या ग्रंथात याच कराराचा आधार घेतला. ज्या अर्थी मदिनेत मुसलमान आणि यहुदी एका राजकीय समुदायात असू शकत होते, त्या अर्थी हिंदुस्थानात हिंदू आणि मुसलमान हे एक राष्ट्र असू शकतात, असे ते मुस्लिम लीगला बजावत होते. मदिनेच्या यहुद्यांची कथा या देशात प्रथम द्विराष्ट्रवादाविरुद्ध वापरली गेली. ती आज द्विराष्ट्रवादाच्या बाजूने वापरली जात आहे.

करार टिकला नाही. बद्रच्या विजयानंतर ६२४ मध्ये कैनुका शहराबाहेर घालविले गेले. ६२५ मध्ये, उहुदच्या पराभवानंतर, नझीर घालविले गेले. उंटांवर जेवढे लादता येईल तेवढे, शस्त्रे सोडून, त्यांना नेऊ दिले गेले. बागा मागे राहिल्या. या बागांतून मुहाजिरांना जमीन मिळाली आणि अन्सारांवरचा त्यांचा भार हलका झाला. कुराणातील ज्या वचनाचा दाखला मुसलमान समाजवादी मोठ्या अभिमानाने देतात, म्हणजे संपत्ती केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये हे वचन, ते याच नझीरांच्या मालमत्तेच्या वाटपासंदर्भात आलेले आहे. तत्त्व थोरच आहे. परंतु ज्या संपत्तीला ते प्रथम लागू झाले ती हद्दपार केलेल्या शेजाऱ्यांची होती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. निर्वासिताला जमीन देण्यासाठी दुसऱ्याला निर्वासित करावयाचे, हा व्यवहार जगाने पुढे अनेकदा पाहिला. १९४८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये तो उलट्या दिशेने झाला, इतकेच.

साद यांचा निवाडा

६२७ मध्ये मक्केच्या कुरैशांनी मित्रटोळ्यांसह मदिनेला वेढा घातला. खंदकाच्या आधाराने शहर बचावले. या वेढ्यात कुरैझांनी शत्रूशी संधान बांधल्याचा आरोप होता. वेढा उठताच मुसलमानांनी त्यांच्या गढ्यांना वेढा दिला, आणि अखेर ते शरण आले. निवाडा औस टोळीचे प्रमुख साद इब्न मुआझ यांच्याकडे सोपविण्यात आला. औस हे कुरैझांचे जुने मित्र. साद स्वतः खंदकाच्या लढाईत जखमी झालेले. त्यांनी पुरुषांना ठार करावे, स्त्रिया व मुले यांना गुलाम करावे आणि मालमत्ता वाटून घ्यावी, असा निर्णय दिला. त्याची अंमलबजावणी झाली. इब्न इसहाक यांनी मृतांची संख्या सहाशे ते नऊशेच्या दरम्यान दिली आहे.

इब्न इसहाक यांचा मृत्यू ७६७ च्या सुमाराचा, म्हणजे घटनेनंतर सुमारे १४० वर्षांनी. १९७६ मध्ये वलीद अरफात यांनी आणि १९७९ मध्ये भारतीय अभ्यासक बरकत अहमद यांनी या वृत्तांतावर आणि त्यातील आकड्यांवर गंभीर शंका घेतल्या. १९८६ मध्ये एम. जे. किस्टर यांनी त्या शंकांचे विस्ताराने खंडन केले. अभ्यासकांनी हा वाद अवश्य पुढे न्यावा. परंतु राजकीय कार्यकर्त्याने या वादाच्या आडोशाला लपू नये. आकडा नऊशेचा चारशे झाला म्हणून निवाडा न्याय्य ठरत नाही. यहुद्यांच्याच धर्मग्रंथात पराभूत नगरासाठी अशीच शिक्षा सांगितली आहे, असा जो बचाव केला जातो तोही टिकणारा नाही. ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून शिक्षा न्याय्य ठरत असती तर मनुस्मृती जाळण्याचे कारण महाडला १९२७ मध्ये पडले नसते.

मग या निवाड्यात नेमके वाईट काय होते? युद्धकाळात शत्रूशी संधान बांधणाऱ्या पुढाऱ्यांना शिक्षा होणे हे त्या काळात, आणि नंतरच्याही काळात, सर्व राज्यांत घडत आले. कुरैझांच्या बाबतीत शिक्षा झाली ती टोळीला. ज्याने वाटाघाटी केल्या त्याला आणि ज्याने केल्या नाहीत त्याला, दोघांनाही तीच. जन्माने जो कुरैझा तो अपराधी, असे हे न्यायतत्त्व होते. अरबस्तानच्या टोळीसमाजात व्यक्ती नव्हती, टोळी होती. खून झाला तर सूड टोळीवर, खंडणी टोळीवर. नव्या धर्माने या व्यवस्थेला अनेक ठिकाणी छेद दिला. येथे दिला नाही. इतके स्पष्ट म्हणण्याचे धैर्य मुसलमान सुधारकांनी दाखविले पाहिजे. हमीद दलवाई यांनी अशा प्रकारचे धैर्य दाखविले. ते समाजवादी चळवळीतून आलेले होते, १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि मतांचा हिशेब करणारे अनेक पुरोगामी पुढारी त्यांच्यापासून चार हात दूर राहिले. त्या दूर राहण्याची किंमत चळवळ आजही मोजत आहे.

६२८ मध्ये खैबर पडले. तेथील यहुद्यांना जमिनीवर ठेवण्यात आले, निम्मे उत्पन्न देण्याच्या अटीवर. विदर्भातील कोणत्याही बटईदाराला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. विजेत्यांना बागा हव्या होत्या, पण बागाईतीचे कसब त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून कसणारा राहिला आणि मालकी गेली. पुढे बटईची शेती धर्मशास्त्राप्रमाणे वैध की अवैध यावर अबू हनिफा आणि त्यांचे शिष्य यांच्यात मतभेद झाला, तेव्हा शिष्यांनी खैबरचाच दाखला दिला. दुसरे खलिफा उमर यांच्या काळात खैबरच्या यहुद्यांनाही हलविण्यात आले. घोषणा देणारे ज्याला धर्माचा विजय म्हणतात, त्याचा पाया असा अर्धेलीच्या करारावर उभा होता.

अश्रू ढाळणारे कोण?

आता दुसऱ्या बाजूकडे वळावयास हवे. मदिनेच्या यहुद्यांसाठी आज नागपुरात ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांनी याच शहराच्या ग्रंथालयातील एक पुस्तक उघडून पाहावे. माधव सदाशिव गोळवलकर यांचे राष्ट्रीयत्वाच्या व्याख्येवरील इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये नागपुरातूनच प्रसिद्ध झाले. जर्मनीने आपल्या यहुद्यांना बाहेर काढून वंशाभिमानाचा जो नमुना घालून दिला, त्यापासून हिंदुस्थानने धडा घ्यावा, असे त्यात प्रतिपादन आहे. पुढे संघाने या पुस्तकापासून अंतर राखले, हे खरे. परंतु ते अंतर राखताना, त्या विधानात नेमकी चूक कोणती होती, याची फोड झाली काय? यहुद्यांना हुसकावणे ही चूक होती, की केवळ तसे छापणे ही चूक होती?

हा प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नाही. १९३९ मध्ये जर्मनीतील यहुदी ज्यांना आदर्शाच्या आड येणारे वाटत होते आणि आज मदिनेतील यहुदी ज्यांना हुतात्मे वाटतात, त्यांच्या विचारात खरोखर काही बदल झालेला नाही. दोन्ही वेळी यहुदी हा निमित्तमात्र आहे. दोन्ही वेळी लक्ष्य एकच आहे, तो म्हणजे शेजारचा मुसलमान. यहुद्यांविषयीची आस्था खरी असती तर ती सर्वप्रथम महाराष्ट्राच्या यहुद्यांच्या इतिहासात दिसली असती. आणि तो इतिहास या युक्तिवादाला मुळीच अनुकूल नाही.

शनिवार तेली

रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण, रोहा या भागांत बेने इस्रायली शतकानुशतके राहिले. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांनी आडनावे घेतली ती गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर. भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या प्रेषितांवर मराठीत कीर्तने रचली. एलियाहू प्रेषिताच्या नावाने ते जो पोह्यांचा प्रसाद करतात त्याला मलिदा म्हणतात, आणि हाच शब्द पिराच्या दर्ग्यावरही ऐकू येतो. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर या सैनिकाने १७९६ मध्ये बांधले. ही मंडळी आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगितले जाते.

या कोकणी गावांत हिंदू होते, मुसलमान होते, यहुदी होते. यहुद्यांची कत्तल तेथे झाली नाही, ना एकाकडून ना दुसऱ्याकडून. मुंबईत भायखळ्याला जेकब ससून यांच्या नावाची शाळा आहे. यहुदी मुलांसाठी निघालेल्या त्या शाळेत कित्येक दशकांपासून बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. १९४८ नंतर बेने इस्रायलींपैकी बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. ते मारहाणीला भिऊन गेले नाहीत. नव्या राष्ट्राच्या ओढीने आणि चरितार्थाच्या आशेने गेले. तेथे त्यांच्या यहुदीपणावरच धर्मगुरूंनी संशय घेतला आणि विवाहासाठी पूर्ण मान्यता मिळविण्यासाठी त्यांना १९६४ पर्यंत झगडावे लागले. शनिवार तेली म्हणून गावाने ज्यांचे यहुदीपण बिनतक्रार मान्य केले होते, त्यांना ते स्वधर्मीयांच्या राष्ट्रात सिद्ध करावे लागले.

याचा अर्थ मुसलमानी राज्यांत यहुदी सर्वत्र सुखी होते असा नाही. ज्यांच्या घराण्याच्या नावाने भायखळ्याची शाळा आहे ते डेव्हिड ससून बगदादच्या राज्यकर्त्याच्या जाचामुळेच मुंबईस आले होते. १९४१ मध्ये बगदादेत यहुद्यांवर भीषण हल्ले झाले. तसेच १४९२ मध्ये ख्रिस्ती स्पेनने हाकलून दिलेल्या यहुद्यांना तुर्की साम्राज्याने आश्रय दिला, हेही खरे. एकच धर्मग्रंथ वाचणारे लोक एके ठिकाणी आसरा देतात आणि दुसऱ्या ठिकाणी जाळपोळ करतात, तेव्हा कारण ग्रंथाखेरीज अन्यत्र शोधले पाहिजे. जमीन कोणाकडे आहे, सत्ता कोणाच्या हाती आहे, बाजारपेठेसाठी स्पर्धा आहे की नाही, आणि राज्यकर्त्याला द्वेषाची गरज आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या त्या वेळी मिळवावी लागतात. कोकणात घाण्यासाठी कोणी स्पर्धक नव्हता आणि सत्तेसाठी दावेदार नव्हता. म्हणून यहुदी तेथे सुखाने नांदला.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये यहुद्यांना यहुदी म्हणून ठार करण्यात आले. मारणारे इस्लामचे नाव घेत होते. त्यानंतर मुंबईतील मुसलमानांच्या कबरस्तानाच्या विश्वस्तांनी त्या नऊ हल्लेखोरांना जागा देण्याचे नाकारले. प्रेते महिनोन्‌महिने शवागारात पडून राहिली. कुरैझांची कथा सांगणाऱ्याने ही कथाही सांगावी. तो ती सांगत नाही, कारण तिच्यात टोळी नाही. तिच्यात गुन्हेगार वेगळा आहे आणि समाज वेगळा आहे.

१७ मार्च आणि त्यानंतर

नागपूरला या प्रश्नाचा संबंध केवळ पुस्तकी नाही. हे शहर बख्त बुलंद शाह या इस्लाम स्वीकारलेल्या गोंड राजाने वसविले. याच शहरात १९२३ मध्ये मशिदीवरून वाद्ये वाजविण्याच्या वादाने आणि सप्टेंबर १९२७ मध्ये महालातील दंग्याने पुढील शतकाच्या राजकारणाची दिशा ठरविली. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाची कबर हटविण्याच्या मागणीसाठी महालात निदर्शने झाली, पवित्र वचने असलेले वस्त्र जाळल्याची अफवा पसरली आणि संध्याकाळी दगडफेक व जाळपोळ सुरू झाली. अनेक पोलिस जखमी झाले, एका जखमी नागरिकाचा पुढे मृत्यू झाला, आणि शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. ३१८ वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाच्या थडग्यावरून इतवारीतील हमाल आणि महालातील हातगाडीवाला यांची रोजी बुडाली. संचारबंदीत पगारदाराचा पगार बुडत नाही. ज्याचे पोट रोजच्या रोज भरते त्याचीच चूल थंड होते, मग तो मोमीन असो वा कोष्टी.

त्या रात्री ज्यांनी दगड फेकले त्यांनी कोणाच्या घराच्या खिडकीवर तो बसतो आहे हे विचारले नाही. निदर्शनातील चार माणसांचा राग त्यांनी गल्लीवर काढला. हा टोळीचाच न्याय होय. आणि एका आठवड्याने महापालिकेची यंत्रे एका आरोपीच्या कुटुंबाच्या घरावर चालून गेली. आरोप सिद्ध व्हावयाचा होता. घरात राहणाऱ्या इतरांवर तर आरोपही नव्हता. आरोपी आहे एवढ्यावरून घर पाडता येणार नाही, नोटीस आणि सुनावणी आवश्यक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजीच दिला होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पाडकाम थांबविले, आणि पुढे महापालिकेला माफी मागावी लागली. ज्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजविल्या, तेच संध्याकाळी कुरैझांची कथा सांगून मुसलमानांच्या क्रौर्याबद्दल हळहळत होते. एकाच्या अपराधाबद्दल कुळाला शिक्षा, हे साद यांच्या निवाड्याचे सूत्र सकाळी अमलात आणावयाचे आणि संध्याकाळी त्याचाच निषेध करावयाचा, अशी ही तऱ्हा आहे.

हेच सूत्र इंग्रजांनी १९४२ च्या उठावानंतर चिमूरला वापरले आणि सबंध गावावर सामुदायिक दंड बसविला. हेच सूत्र ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने वापरले आणि जो यहुदी सापडला त्याला मारले. हेच सूत्र त्यानंतर इस्रायलने गाझावर वापरले आणि लहान मुलांसह वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. १९४९ च्या जिनिव्हा कराराने सामूहिक शिक्षेला बंदी घातली ती हिटलरच्या अनुभवानंतर, म्हणजे यहुद्यांच्या रक्ताची किंमत मोजून. त्या बंदीचा पहिला पाईक इस्रायलने असावयास हवे होते.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दहनाची चिकित्सा केली. कृष्णार्जुनांनी जमिनीसाठी वन आणि त्यातील रहिवासी जाळले, ही गोष्ट त्यांनी महाराष्ट्रापुढे निर्भीडपणे ठेवली आणि महाराष्ट्राने ती वाचली. त्यावरून आजच्या हिंदूंना नागांचे वैरी ठरवावे असे कोणी म्हटले नाही, आणि कृष्णाची पूजाही थांबली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये धर्मांतरासाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांच्या छळाचा इतिहास सांगितला. पण त्यांनी त्या इतिहासाचा सूड मागितला नाही, त्यातून बाहेर पडण्याची वाट दाखविली. हिंदू समाजाला खांडववनाकडे जसे पाहता येते तसे मुसलमान समाजाला कुरैझांकडे पाहता आले पाहिजे. त्यासाठी त्याला भयमुक्त वातावरण लागेल. ज्याच्या घरापुढे यंत्र उभे आहे तो आपल्या इतिहासाची चिकित्सा करीत नाही. तो त्याला अधिकच घट्ट कवटाळतो. कुरैझांचे नाव घेऊन मोहल्ल्याला भेडसावणारे लोक मुसलमानांतील सुधारकाचा गळा सर्वात आधी आवळतात, आणि मुल्लामौलवींना बसल्या जागी अनुयायी पुरवितात.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मदिनेचा विषय टाळू नये. मोमीनपुऱ्यात साद यांचा निवाडा अन्याय्य होता असे म्हणावे, आणि महालात एका आरोपीसाठी कुटुंबाचे घर पाडणे अन्याय्य होते असे म्हणावे. दोन्हीकडे टाळ्या मिळणार नाहीत. पण दोन्हीकडे तेच वाक्य म्हणता आले, तरच त्या वाक्याला तत्त्व म्हणता येईल. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरे बोलणाऱ्यांची या शहरात वाण नाही. त्यांच्यात भर घालण्यासाठी समाजवादी पक्षाची आवश्यकता नाही.